ऑडिटरमामांचे लेखा-आक्षेप

जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीत चमत्कारांवर आक्षेप घेणारा एक सभासद असतोच. तो नसेल, तर ती मंडळी अजून पुरती जुनी झालेली नाही असं खुशाल समजावं. आमच्या नगरच्या मंडळीत ही जबाबदारी ऑडिटरमामांकडे आहे. नेमणूक कुणी केलेली नाही, मानधन नाही आणि निवृत्तीचं वयही ठरलेलं नाही. त्यामुळे हे काम ते सरकारी नोकरीपेक्षाही मनापासून करतात.

सरकारी नोकरी त्यांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेत केली. ग्रामपंचायतींच्या कीर्दी उलटताना ज्या नजरेने ते 'दिवाबत्ती खर्च' या नोंदीकडे पाहत, त्याच नजरेने आता ते साक्ष द्यायला उठलेल्या माणसाकडे पाहतात. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. कुणी म्हणालं, "प्रभूने माझी कंबर बरी केली," की मंडळी म्हणते, "आमेन." मामा म्हणतात, "कोणत्या तारखेला?"

मामांचा सिद्धान्त थोडक्यात असा. न शिकलेल्या अन्य भाषा बोलणं, हात ठेवून रोग बरे करणं, संदेश देणं ही जी अद्भुत कृपादानं पवित्र आत्म्याने पहिल्या मंडळीला दिली, त्यांचं खातं इसवी सन १०० च्या आसपास बंद झालं. शेवटचा प्रेषित योहान वारला, सही करणारा अधिकारी राहिला नाही, तेव्हा पुढच्या सगळ्या नोंदी विनापरवाना. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने नऊ दानांची यादी दिली आहे. मामांच्या पवित्र शास्त्रात तिथे समासात हिरव्या शाईने एक ते नऊ आकडे घातलेले आहेत आणि प्रत्येक आकड्यासमोर 'बंद' असा शेरा आहे. खाली सही आणि तारीख.

यावरून मामांना नास्तिक समजणाऱ्याची फसगत होते. त्यांच्या शेजारी अंनिसचे एक कार्यकर्ते राहतात. गावात चंगाई सभेचे, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभेचे, फलक लागले आणि मामा त्याविरुद्ध बोलतात असं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत घेऊन मोठ्या आशेने आले. मामांनी कायदा चष्मा लावून वाचला. दोन ठिकाणी विरामचिन्हं सुचवली, बाकी सगळ्याला मान डोलावली.

"म्हणजे तुम्ही आमचेच की!" कार्यकर्ते म्हणाले.

"अर्थात."

"नाहीतर लोक काय, पाण्यावर चालल्याच्या गोष्टीसुद्धा खऱ्या मानतात."

"त्या खऱ्याच आहेत," मामा म्हणाले. "गालील समुद्रावर. पेत्रही थोडा चालला, मग बुडायला लागला."

"आणि ते मेलेला माणूस उठला वगैरे?"

"लाजर. चौथ्या दिवशी उठला. पहिल्या शतकातली सगळी प्रकरणं मंजूर आहेत. माझा आक्षेप दुसऱ्या शतकापासून पुढे."

कार्यकर्त्यांनी कायद्याची घडी घातली आणि चहा न घेताच निघाले. अंधश्रद्धाळू माणसाशी कसं बोलावं याचं त्यांचं प्रशिक्षण झालेलं होतं. अंशतः अंधश्रद्धाळू माणसाशी कसं बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मामांना हा फरक समजावून सांगायला फार आवडतं. "देव आजही काहीही करू शकतो. त्याच्या अधिकाराला मी हात लावत नाही. पण चमत्कार करण्याचं दान आज कुणा माणसाच्या नावावर नाही." हे बोलताना ते प्रिन्स्टनच्या बेंजामिन वॉरफिल्ड यांचं नाव असं घेतात, जणू ते यांच्याच खात्यात वरच्या हुद्द्यावर होते. वॉरफिल्डसाहेबांनी १९१८ साली 'काउंटरफीट मिरॅकल्स' या नावाने पुस्तक काढलं आणि त्यात मांडलं की चमत्कार हे प्रेषितांचं ओळखपत्र होतं. प्रेषित गेले, ओळखपत्राची गरज संपली. मामांच्या मुलाने पुण्याहून त्या पुस्तकाची छापील प्रत काढून, स्पायरल लावून पाठवली. जॉन मॅकआर्थर यांचं २०१३ चं 'स्ट्रेंज फायर'ही त्यांच्याकडे आहे. पण ते पुस्तक मामांना जरा चढ्या आवाजातलं वाटतं. आक्षेप सौम्य भाषेत घ्यावा आणि वसुली पूर्ण करावी, हा त्यांच्या खात्याचा रिवाज.

मामांचे पुरावे मात्र पुस्तकी नाहीत, ते थेट शास्त्रातले आहेत. "इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी लोक बरे होत होते. बरोबर? आता त्याची शेवटची पत्रं काढ. तीमथ्याचं पोट बिघडतंय. पौल त्याला रुमाल पाठवतो का? नाही. थोडा द्राक्षारस घेत जा म्हणतो. त्रफिम आजारी पडला, तर त्याला मिलेतात ठेवून हा पुढे निघून गेला. शिल्लक उतरत चालली होती की नाही, तूच सांग."

मी काय सांगणार? मंडळीचा खजिनदार म्हणून माझा ताळेबंद दरवर्षी मामाच तपासतात.

लग्नात तर त्यांच्याकडे पाहण्यासारखं असतं. ख्रिस्ती लग्नात पौलाच्या त्याच पत्राचा तेरावा अध्याय, म्हणजे प्रेमाचा अध्याय, वाचायची पद्धत आहे. प्रेम सहनशील आहे इथपर्यंत वाचन आलं की बायका नवरीकडे बघतात. मामा आठव्या वचनाची वाट पाहत असतात. तिथे भाषा बंद पडतील असं पौलाने लिहिलेलं आहे. ते आलं की मामा मला कोपराने ढोसतात, "हं! आलं बघ." नवरानवरीच्या डोळ्यांत पाणी आणि मामांच्या डोळ्यांत आक्षेप सिद्ध झाल्याचं तेज.

आता या आठव्या वचनाची अडचण अशी, की ते पुरं होतं दहाव्यात. जे पूर्ण आहे ते येईल, तेव्हा अपूर्ण ते जाईल. मामांच्या मते 'पूर्ण' म्हणजे नवा करार. सत्तावीस पुस्तकं लिहून झाली, यादी पुरी, दानं रद्द. आमचे तरुण पाळकसाहेब म्हणतात, 'पूर्ण' म्हणजे प्रभूचं पुन्हा येणं, कारण पुढेच समोरासमोर पाहण्याचं बोलणं आहे, आणि ते तर अजून झालेलं नाही. शिवाय भाषा बंद पडतील असं जिथे म्हटलंय, त्याच वचनात विद्याही नाहीशी होईल असं आहे, मग विद्या का शिल्लक आहे?

"सगळ्यांची कुठे शिल्लक आहे?" मामी आतून म्हणाल्या.

मामींची ओळख करून द्यायलाच हवी, कारण मामांच्या सिद्धान्ताचं निम्मं कारण त्या आहेत. मामी दर शुक्रवारी उपवास-प्रार्थनेला जातात. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ही प्रार्थना चालते. कीबोर्ड आहे, टाळ्या आहेत, हालेलूया आहे. तिथे मामींना अन्य भाषा मिळाल्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या पर्समध्ये प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली असते. झाकण नीट बसत नसल्याने त्यांचं आधार कार्डही अभिषिक्त झालेलं आहे.

मामा आणि मामी एकाच घरात, एकाच टेबलावर, सकाळी सहाला प्रार्थनेला बसतात. मामींची प्रार्थना मराठीत सुरू होते आणि थोड्या वेळाने मामांना न कळणाऱ्या दिशेने निघून जाते. मामा डोळे मिटून थांबतात. ती परत मराठीत आली की ते "आमेन" म्हणतात. फक्त मराठी भागाला.

कुणालाही वाटेल की चमत्कार बंद झाले असं मानणारा माणूस अशा सभांपासून चार हात लांब राहत असेल. मामा एकही चुकवत नाहीत. वही घेऊन मागच्या खुर्चीवर बसतात. पौलाने चौदाव्या अध्यायात नियमच घालून दिलेला आहे की अन्य भाषेत दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. शेडमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की मामांची वही भरू लागते. 'एका वेळी तिघांपेक्षा जास्त. पाळी नाही. अर्थ सांगणारा अनुपस्थित.' शेवटी पोहे येतात. ते घेताना मामा आक्षेप घेत नाहीत.

मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट हा त्यांचा विशेष विषय. विश्वासणारे साप उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, असं तिथे आहे. "आणि हा शेवट चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींत, सिनाई आणि व्हॅटिकनच्या, नाहीच! मूळ प्रतीत नसलेली नोंद मी कधी धरलेली नाही." मग ते अमेरिकेतल्या जॉर्ज हेन्सली यांची हकिगत सांगतात. या गृहस्थांनी भक्तीत साप हाताळण्याची प्रथा डोंगराळ भागात पसरवली आणि १९५५ साली सर्पदंशानेच त्यांचा अंत झाला.

"मी कुठे साप धरते?" मामी म्हणतात. "मी तेल धरते. याकोबाच्या पत्रात आहे ते. कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मंडळीचे वडील कोण? तुम्ही. जाता का?"

इथे मामांची खरी पंचाईत होते, कारण ते मंडळीचे वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सभासद, आहेत आणि लेखी आदेश त्यांना टाळता येत नाही. म्हणून ते जातात. आजाऱ्याच्या उशाशी उभे राहून ते जी प्रार्थना करतात, ती एकदा ऐकावीच. "हे स्वर्गीय पित्या, तुझी इच्छा असल्यास, वैद्यकीय उपचारांना अधीन राहून, या तुझ्या लेकराला योग्य त्या मुदतीत आराम पडू दे." आवाज चढत नाही, कपाळावर हात दाबत नाही, दोन मिनिटांत आटपतं. आजारी माणसाला त्यामुळे झोप लागते. परिणाम असा की गावात बोलबाला झाला, 'मामांची प्रार्थना लागू पडते.' लोक मामींच्या शुक्रवारच्या सेवकांना सोडून मामांना बोलावू लागले. मामा कासावीस झाले. त्यांनी एक नोंदवही सुरू केली. कुणासाठी प्रार्थना केली, कोण बरं झालं, कोण नाही, हे लिहून आपल्याकडे कोणतंही दान नाही असं त्यांना सिद्ध करायचं होतं. वही बघायला येणारे मात्र बरे झालेल्यांच्याच नावांवर बोट ठेवत. 'नाही' या रकान्याकडे बघायला कुणालाच आवडत नाही. सगळ्या चंगाई सभांचं गुपित याच रकान्यात आहे, असं मामा त्या दिवशी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

त्या रकान्याच्या शोधात ते गावोगाव हिंडलेही. सभेत व्यासपीठावर ज्यांना बरं झालं म्हणून उभं केलं, त्यांची नावं-गावं टिपून मामा एस.टी.ने त्यांच्या घरी जात. पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्याचा पाय बरा झाला होता. मामांनी विचारलं, आधी काय होत होतं? म्हातारा म्हणाला, "काईच न्हाई. मी चांगला चालतो म्हनून मलाच वर घेतलं." मामांनी आनंदाने पान भरून लिहिलं. दुसऱ्या एका गावात एक बाई होत्या, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, असं सभेत सांगितलं होतं. मामा पोचले तर त्या विहिरीवरून पाणी घेऊन येत होत्या. शेजारणी शपथेवर सांगत होत्या की ही खरंच निजूनच होती. डॉक्टरांचे कागद? पावसात भिजून गेले. बाईंनी चुलीपाशी बसून मामांना चहा करून दिला. त्या पानावर मामांनी लिहिलं, 'कागदपत्रे उपलब्ध नाहीत. चहा उपलब्ध. प्रकरण प्रलंबित.' ते पान त्यांनी अजून कुणाला वाचून दाखवलेलं नाही. मला दिसलं, कारण त्याच वहीत मागे त्यांनी सुगीच्या सणाच्या लिलावाचा हिशेब लिहिला होता.

मग केडगावची सहल निघाली. नगरच्या माणसाला केडगाव म्हटलं की देवीचं केडगाव आठवतं, रिक्षाने जाता येणारं. मामींच्या एका नव्या मैत्रिणीने तसं सांगून रिक्षा ठरवलीसुद्धा होती. मामांनी वेळेवर हस्तक्षेप केला. हे केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं.

मामींसाठी ही जागा म्हणजे पुराव्यांची खाण. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या सभा सुरू झाल्या त्या १९०६ च्या एप्रिलमध्ये, आणि जगभरचे पेंटेकॉस्टल तिथपासून आपला इतिहास सांगतात. केडगावला संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, त्याच्या आधीच, १९०५ च्या जूनमध्ये, आलं होतं. "आमच्या मराठी मुलींना आधी मिळालं," मामी गाडीत सगळ्यांना सांगत होत्या. "दुष्काळातनं बाईंनी वाचवून आणलेल्या मुली होत्या. बाईंबरोबर मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी होत्या, त्यांनी यावर पुस्तिका लिहिली. ती पार चिलीत त्यांच्या मैत्रिणीला पोचली आणि तिकडे पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली! आणि एका मुलीला इंग्रजी येत नसताना ती इंग्रजीत प्रार्थना करत होती. दौंडच्या अनाथाश्रमाच्या नॉर्टनसाहेबांनी स्वतः ऐकलं."

"संजीवन १९०५ चं," मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "भाषा १९०६ च्या अखेरच्या. एका व्हाउचरवर दोन रकमा टाकू नका."

रमाबाईंबद्दल मात्र मामा एक शब्द वावगा ऐकून घेत नाहीत. त्यांचा मुद्दा वेगळाच आहे. बाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक घासून घासून शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या आणि केडगावच्याच छापखान्यात तयार झालेलं ते शास्त्र १९२४ साली बाहेर आलं. "आवारात पोरींना फुकट भाषा मिळत होत्या, आणि बाई मात्र दिव्याखाली बसून हिब्रूची क्रियापदं पाठ करत होत्या! दानावर भागलं असतं तर बाईंनी एवढे कष्ट कशाला घेतले असते?" मामी म्हणाल्या, "कष्ट करायची बुद्धी कुणी दिली?" दौंड येईपर्यंत दोघं बोलले नाहीत.

पण केडगावात मामांना त्यांचा संत भेटला. तिथल्या संजीवनाची सुरुवात मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली आहे. पहाटेच्या अंधारात एका मुलीला पवित्र आत्म्याचा अनुभव आला आणि तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या. शेजारी निजलेली मुलगी उठली, धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली आणि ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आलं की ही जळत नाहीये. ही हकिगत मामींनी अनेकदा सांगितली होती, दरवेळी ज्वाळांवर भर देऊन. मामांनी ती त्या आवारात उभं राहून पहिल्यांदा नीट ऐकली आणि एकदम म्हणाले, "बादली कुणी आणली?"

"कुणीतरी. नाव काय करायचंय तुम्हाला?"

"सगळ्या प्रकरणात तीच एक जबाबदार व्यक्ती आहे!"

सगळे हसले. मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्या मोठ्या खोलीत ज्यांनी ज्वाळा पाहिल्या नाहीत, त्या मुली निजून राहिल्या असतील. पाण्याकडे धावली ती, जिला आग अगदी खरी वाटली होती. बादली घेऊन पळणाऱ्याला लोक अविश्वासू म्हणतात. पण ज्याला आग दिसतच नाही, तो कशाला पळेल? मामांनी आयुष्यभर एस.टी.च्या फेऱ्या मारून ज्या गोष्टीचा पाठलाग केला, ती नसतेच अशी त्यांची खात्री असती, तर ते शुक्रवारी घरी बसून टीव्ही बघते. मंडळीतले बाकीचे आम्ही तेच करतो. आमचा चमत्कारांना विरोध नाही आणि चमत्कारांशी संबंधही नाही.

रोमन कॅथलिक चर्च चमत्कार कसे तपासतं, ही माहिती मामांना त्यांच्या वसईच्या कॅथलिक व्याह्यांकडून मिळाली. फ्रान्समधल्या लुर्दला बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, डॉक्टरांचं तपासणी कार्यालय आहे आणि चर्चने मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास. मामांनी हे ऐकून हातातला घास खाली ठेवला. "एवढे फेटाळले?" त्यांच्या स्वरात निव्वळ आदर होता. मग व्याह्यांनी सांगितलं की कुणाला संत ठरवण्याआधी त्याच्या चमत्कारांवर आक्षेप घेण्यासाठी रोममध्ये एक अधिकृत पदच होतं. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत.

"जागा रिक्त आहे का?" मामांनी विचारलं.

"१९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती जुनी रीत मोडीत काढली."

"तेव्हापासून संतांची संख्या वाढली असेल."

"बरीच."

"वाढणारच," मामा म्हणाले, आणि खिन्नपणे ताटातल्या भाताकडे वळले.

त्यांच्या बालेकिल्ल्याला पहिला तडा पाळकसाहेबांनी पाडला. चमत्कार बंद झाल्याचा दाखला म्हणून मामा चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तमाचं नाव घेत. ही दानं आता घडत नसल्याने पौलाचं दानांविषयीचं प्रकरण आपल्याला दुर्बोध वाटतं, असं त्याने प्रवचनात म्हटलं होतं. शिवाय संत ऑगस्टीन. पाळकसाहेब म्हणाले, "ऑगस्टीनने तरुणपणी तसं लिहिलं खरं. म्हातारपणी त्याने स्वतःच ते दुरुस्त केलं. 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या पुस्तकात त्याने आपल्या काळातले चमत्कार एकामागून एक नोंदवलेत. बरं झालेल्यांकडून तो लेखी जबाब घ्यायचा, मामा. हिप्पो गावात दोन वर्षं व्हायच्या आत जवळजवळ सत्तर जबाब."

"लेखी?"

"लेखी. आणि कार्थेजच्या इनोसेन्शिया नावाच्या बाईचा स्तनाचा कर्करोग बरा झाला आणि ती गप्प बसली, म्हणून ऑगस्टीन तिच्यावर चिडला. एवढी मोठी गोष्ट लपवलीस कशी, म्हणाला."

मामा घरी गेले ते तडक झोपले. विरुद्ध पक्षाकडे कागद असतील, ही शक्यता त्यांनी कधी धरलीच नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामांना मुतखडा झाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्या आणि पडला नाही तर पुढचं बघू म्हणाले. मामींनी शुक्रवारचा सगळा ताफा घरी आणला. मामा कळांनी इतके बेजार होते की तेल लावताना त्यांनी आक्षेप घेतला नाही. "घाईत राहून गेला," असं ते नंतर म्हणाले. बाकी त्यांनी स्वतःच्या आजाराचं काम पद्धतशीर केलं. उशाशी मापाचं भांडं आणि नोंदवही. किती पाणी प्यालं, किती बाहेर गेलं. वहीवर ठळक अक्षरांत 'आवक-जावक' असं लिहिलेलं होतं.

रविवारच्या आत खडा पडला. मामींनी मामांना न विचारता पाळकसाहेबांना कळवलं आणि उपासनेत पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "आता मामा साक्ष देतील." अख्खी मंडळी वळून बघायला लागली. एवढ्या वर्षांत मामांनी साक्ष ऐकली होती, दिली नव्हती. मामा बसूनच राहिले. मामी पुढे झुकून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "अहो, त्या कार्थेजच्या बाईसारखं गप्प बसू नका."

मामा उठले. खिशातून कागद काढला. म्हणजे त्यांनी तो लिहून आणलेला होता!

"प्रकरण, मुतखडा," त्यांनी वाचलं. "सदर खडा शनिवारी पहाटे पडला. कालावधीत पुढील उपाय एकत्रित करण्यात आले. एक, गोळ्या. दोन, पाणी, ज्याचा तपशील सोबत जोडला आहे. तीन, प्रार्थना व तेल. तिन्ही बाबी एकाच मुदतीतल्या असल्याने श्रेयाची विभागणी करता येत नाही. कोणा व्यक्तीकडे बरे करण्याचे दान असल्याचे प्रमाणपत्र यावरून देता येणार नाही. तथापि..." इथे ते थांबले, चष्मा पुसला. "तथापि गोळ्या बनवणारा, पाणी देणारा आणि प्रार्थना ऐकणारा एकच असल्याने, सर्व रक्कम देवाच्या नावे जमा करण्यात येत आहे."

मागच्या बाकांवरून हालेलूयाचा असा गजर झाला, की त्या जुन्या इमारतीने तो मिशनरी असतानाही ऐकला नसेल.

पाळकसाहेब पुढे आले. म्हणाले, "मंडळी, आज मला एक सांगायचंय. खऱ्या-खोट्यातला फरक ओळखणं, उत्साहात वाहून न जाणं, पारखून घेणं, हे मामा इतकी वर्षं आपल्यासाठी करत आले. बाराव्या अध्यायाच्या यादीत हे सातवं दान आहे. आत्मे ओळखण्याची शक्ती. हे दान आपल्या मंडळीत कुणाकडे असेल, तर ते मामांकडे आहे."

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दान आहे म्हणावं, तर सातव्या आकड्यापुढचा 'बंद' हा शेरा चुकीचा. दान नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचे सगळे आक्षेप कोणत्या अधिकारात घेतले? त्यांनी मुदत मागून घेतली. पाळकसाहेबांनी एक आठवडा दिला.

त्या आठवड्यात मामांनी वॉरफिल्ड पुन्हा वाचला आणि पौल पुन्हा वाचला. त्याच अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात व्यवस्था पाहण्याचं एक बिनचमत्काराचं दान आहे, ते आपल्या नावावर लावून घेता येईल का, हेही माझ्याकडे येऊन विचारलं. मी म्हणालो, तो खजिनदाराचा हक्क आहे. शेवटी शनिवारी रात्री त्यांनी समासातला सातव्या दानापुढचा 'बंद' एका रेघेने खोडला, सही केली आणि लिहिलं, 'पुनर्विलोकनाधीन. उर्वरित आठ पूर्ववत.'

मामींनी ते वाचलं आणि शुक्रवारी शेडमध्ये जाहीर केलं. सगळी शेड उभी राहिली, टाळ्या झाल्या, कुणी रडलं, कुणी अन्य भाषांत देवाचे आभार मानू लागलं. मागच्या खुर्चीवर बसलेल्या मामांनी वही उघडली आणि आपल्या नव्या दानाचा पहिला वापर केला. 'एका वेळी तिघांपेक्षा जास्त. अर्थ सांगणारा अनुपस्थित.'